साडेतीन हजार शब्द आणि एक वाव पाणी

पत्र थोडक्यात असं: देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातली ही मुलगी बारावीला आहे, कला शाखा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. वडिलांची छोटी होडी आहे, आई जेटीवरच्या लिलावात मासे घेऊन बाजारात विकते. हिला वकील व्हायचंय आणि डिसेंबरात क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, द्यायचीय. डोंबिवलीच्या मामेभावानं साडेतीन हजार अवघड इंग्रजी शब्दांची पीडीएफ पाठवली. तो स्वतः म्हणे ती पाठ करतोय. हिनं रोज पन्नास शब्दांचा नेम धरला, साडेसहाशेपर्यंत पोचली आणि उलट तपासणी केली तर जेमतेम ऐंशी आठवले. सराव परीक्षेत इंग्रजीच्या चोवीस प्रश्नांपैकी नऊ बरोबर, अकरा चूक, चार सोडलेले. ‘माझ्याकडे शब्दच नाहीत,’ असं ती लिहिते. यंदाचं वर्ष सोडून पुढच्या वर्षी मुंबईला मामाकडे राहून क्लास लावावा का, हा तिचा प्रश्न. वडील म्हणतात, ‘इतके शब्द कशाक होयत? कोर्टात मराठीच बोलतत ना?’

बाळ,

आधी तुझ्या बाबांचं. ते अर्धे बरोबर आहेत, आणि वकील व्हायला निघालेल्या मुलीनं ही अर्धी बाजू माहीत करून घ्यावी. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा 1998 पासून मराठी आहे. पण उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज संविधानाच्या अनुच्छेद 348 प्रमाणे इंग्रजीत चालतं. 2025 च्या ऑगस्टात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आणि तुझा सिंधुदुर्ग जिल्हा त्याच्याकडे गेला. आता देवगडच्या पक्षकाराला मुंबईऐवजी घाट चढून कोल्हापूर गाठायचं असतं. तिथे उभी राहणारी वकील इंग्रजीत बोलेल आणि बाहेर येऊन पक्षकाराला मालवणीत समजावेल. ती तू असावीस असं मला वाटतं, म्हणून हे लांबलचक उत्तर.

आता ‘माझ्याकडे शब्दच नाहीत’ या वाक्याकडे येते. तू सराव परीक्षेचा पेपर सोबत पाठवलास हे फार बरं केलंस. तुझी अकरा चुकलेली उत्तरं मी एका दुपारी चहा निवेपर्यंत बघत बसले होते. अकरापैकी फक्त दोन ठिकाणी तुला शब्द मुळातच माहीत नव्हता. चार ठिकाणी प्रश्नातलं ‘नॉट’ तुझ्या नजरेतून निसटलंय. ‘यापैकी कोणता निष्कर्ष काढता येणार नाही’ असं विचारलं होतं आणि तू काढता येणारा निष्कर्ष निवडलास. तीन प्रश्न लेखकाचा सूर ओळखायचे होते. उरलेल्या दोनांत गंमत आहे. तिथे शब्द तुला येत होता, पण ज्या अर्थानं येत होता त्या अर्थानं तिथे तो आलाच नव्हता. आणि अकरा चुकांचे पाव पाव गुण वजा जाऊन नवाचे सव्वासहा उरले.

म्हणजे साडेतीन हजार शब्द तोंडपाठ असते तरी तुझी नऊ उत्तरं चुकलीच असती.

ही यादी आली कुठून तेही सांगते. पूर्वी क्लॅटमध्ये सुटे शब्द देऊन समानार्थी, विरुद्धार्थी विचारत. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेतही अवघड शब्दांनी गाळलेल्या जागा भरायचे प्रश्न असत. त्यांनी ते 2016 साली काढून टाकले. आपल्याकडे क्लॅट 2020 पासून उताऱ्यांवर आली. आता एकूण 120 प्रश्न, दोन तास, आणि इंग्रजीचे साधारण 22 ते 26 प्रश्न, तेही सगळे साडेचारशेएक शब्दांच्या उताऱ्यांवर. हे उतारे बारावीच्या मुलाला पाच ते सात मिनिटांत वाचता येतील असे असावेत, हे परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघानंच म्हटलेलं आहे. परीक्षा बदलली, याद्या मात्र व्हॉट्सॲपवर फिरत राहिल्या. मामेभावाचा यात दोष नाही. त्यालाही ती कुणीतरी ‘फॉरवर्ड’ केलेलीच असणार.

आता तू म्हणशील, मग शब्द शिकायचेच नाहीत का? शिकायचे आहेत. कोणते आणि कसे, एवढाच आपला वाद आहे.

तुझ्या यादीतली ‘मिटिगेट’ची ओळ बघ. पुढे मराठी अर्थ दिलाय, ‘उपशमन करणे’. खरं सांग, ‘उपशमन’ तुझ्या घरात कधी कुणी म्हटलंय? एक अनोळखी शब्द दुसऱ्या अनोळखी शब्दाच्या गळ्यात बांधला तर दोघंही बुडणारच. आता हेच तुमच्या किनाऱ्यावर ने. धूपप्रतिबंधक बंधारा घातला म्हणून लाट यायची थांबत नाही. उधाणाला ती येतेच, पण दगडांवर फुटते आणि माडांच्या मुळापर्यंत पोचताना तिचा जोर गेलेला असतो. बंधाऱ्यानं लाटेला ‘मिटिगेट’ केलं, थांबवलं नाही. कायद्याच्या उताऱ्यात ‘मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस’ येतील तेव्हा हेच आठव. गुन्हा पुसला जात नाही, शिक्षेचा जोर कमी होतो. हा अर्थ तू सहा महिन्यांनीही विसरणार नाहीस, कारण तो तुझ्या अंगणातला आहे.

दुसरा शब्द तर तुझ्या बाबांचाच आहे. पाण्याची खोली बाबा कशात मोजतात? वावात. दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाव. इंग्रज दर्यावर्दींचं माप होतं ‘फॅदम’, सहा फूट. त्या शब्दाचा जुना अर्थही पसरलेले हातच. मग तिथून क्रियापद झालं. ‘आय कॅनॉट फॅदम इट’ म्हणजे मला याचा थांग लागत नाही. बघ, आपणही ‘थांग’च म्हणतो, तोही पाण्यातलाच. असे कितीतरी शब्द समुद्रावरून इंग्रजी गद्यात आलेत आणि तुला त्यांच्यासाठी पीडीएफ नको. ‘एब’ म्हणजे ओहोटी, मग पाठिंबा ‘एब’ होतो म्हणजे ओसरतो. ‘फाउंडर’ नाम असेल तर संस्थापक, पण क्रियापद असेल तर होडीत पाणी भरून बुडणं, आणि मग योजना, वाटाघाटी, लग्नंही ‘फाउंडर’ होतात. ‘हार्बर’ म्हणजे बंदर, पण मनात संशय ‘हार्बर’ करणं म्हणजे त्याला आत आसरा देणं.

या ‘फाउंडर’सारख्या शब्दांपाशी जरा थांबू, कारण तुझे दोन प्रश्न इथेच गेलेत आणि वकिलीच्या इंग्रजीत ही जात फार. बँकेनं कर्ज ‘सँक्शन’ केलं म्हणजे मंजूर केलं, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत. पण एका देशानं दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’ लादले तर ती शिक्षा. ‘पार्लमेंटरी ओव्हरसाइट’मधली ओव्हरसाइट म्हणजे देखरेख, आणि ‘क्लेरिकल ओव्हरसाइट’मधली म्हणजे कारकुनाची नजरचूक. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’ असावा म्हणजे त्याला कंटाळा आलेला असावा असं नव्हे, त्याचा निकालात स्वतःचा स्वार्थ नसावा. ‘क्वॉलिफाइड सपोर्ट’ म्हणजे शिकलेल्यांचा पाठिंबा नव्हे, अटी घालून दिलेला पाठिंबा. आणि ‘हार्डली’! तुझ्या पेपरात ‘हार्डली एनी एव्हिडन्स’ला तू ‘भक्कम पुरावा’ समजलीस. ‘हार्ड’ म्हणजे घट्ट, म्हणून. तिथे अर्थ होता, पुरावा जवळजवळ नाहीच. एका शब्दानं अख्खा उतारा उलटा झाला.

यादी पाठ करणाऱ्याला हे शब्द दिसतच नाहीत, कारण ते त्याला ‘येत’ असतात. माझा अनुभव, तोही लाजेचा: नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाचं इंग्रजी मानपत्र मी लिहिलं. एका यादीत ‘फुलसम’ म्हणजे भरपूर असं पाठ केलं होतं, म्हणून मी ‘फुलसम प्रेज’ असं झोकात लिहिलं आणि व्यासपीठावरून वाचलं. सर हसले. नंतर चहाच्या वेळी हळूच म्हणाले, ‘बाई, फुलसम म्हणजे किळस येईल इतकं गोडगोड. पण तुमचं खरंही असेल.’ त्या दिवसापासून शब्दाचं वाक्य बघितल्याशिवाय मी शब्द उचलत नाही.

म्हणून तुझ्या वहीत शब्द एकटा ठेवू नकोस. जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे मागचे तुकडे काप. पुढच्या बाजूला जिथे शब्द भेटला ते पूर्ण वाक्य लिही, त्या शब्दाच्या जागी रेघ मार. मागे तो शब्द, आणि खाली तुझ्या स्वतःच्या भाषेत अर्थ. शब्दकोशातली भाषा नको, मालवणीत सुचला तर मालवणीत. यादीत ‘सार्डॉनिक’ म्हणजे ‘उपहासात्मक’ दिलंय. कोकणातल्या माणसाला हे सांगायला हवं? ‘खवचट’ लिही आणि शेजारच्या ज्या आजोबांचा चेहरा डोळ्यांसमोर येईल त्यांचं नाव कंसात. ‘कॉस्टिक’ म्हणजे झोंबणारं. ‘लॅकोनिक’ म्हणजे मोजून चार शब्द बोलणारा, होडीवरचा तांडेल असतो तसा. सूर ओळखायच्या प्रश्नांना लागणारे हे शब्द पन्नास-साठच असतात: ‘स्केप्टिकल’, ‘सिनिकल’, ‘अँबिव्हॅलंट’, ‘कँडिड’ वगैरे. तेवढे मात्र पाठच कर. तिथे मी ढिलाई सुचवणार नाही. ‘स्केप्टिकल’ माणूस पुरावा मागतो, ‘सिनिकल’ माणसाला पुरावा दिला तरी तो म्हणतो यात कुणाचा तरी फायदा असणार. हा फरक चुकला की गुण गेला.

चिठ्ठ्यांची उजळणी कशी करायची याला जुनी पद्धत आहे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकारानं ती 1972 साली मांडली. एका खोक्यात चार-पाच खण. आलेली चिठ्ठी पुढच्या खणात, न आलेली परत पहिल्यात. पहिला खण रोज, दुसरा दोन-तीन दिवसांनी, शेवटचा पंधरवड्यानं. मोबाइलवर याची ॲप्स आहेत, पण तू लिहितेस की रेंजसाठी वर सड्यावर जावं लागतं. मग बिस्किटांचा डबा उत्तम. दिवसाला आठ-दहा नव्या चिठ्ठ्या, जास्त नको. पन्नासातले बेचाळीस विसरण्यापेक्षा आठातले सात राहिलेले बरे. यादीनं तुला काय केलं बघ: साडेतीन हजार शब्द, रोज पन्नास, सत्तर दिवस, आणि त्यात मागचे पुन्हा बघायला एकही दिवस नाही. विसरलीस यात तुझी बुद्धी कमी पडली नाही.

लॅटिन-ग्रीक धातू शिकावेत का, असंही तू विचारलंस. थोडे, हो. आपण मराठीत ‘दुर्’, ‘प्रति’, ‘अव’ ओळखतो, तसे तिकडचे पंचवीस-तीस उपसर्ग ओळखीचे असावेत. पण त्यांच्यावर भिस्त नको. ‘इन’ म्हणजे नाही, मग ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल? नव्हे, अमूल्य. आणि अमूल्य म्हणजे मूल्य नसलेलं असं आपणही कुठे म्हणतो.

वाचायचं काय? इथे तुझ्याच वयाच्या इतर वाचकांनीही लक्ष द्यावं, कारण ‘रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाच’ हा सल्ला सगळेच देतात आणि तिसऱ्या दिवशी मुलं तो सोडतात. परका विषय आणि परकी भाषा, दोन्ही ओझी एकदम उचलवत नाहीत. 1988 साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा तो मजकूर चांगला समजून गेली. तेव्हा तू सुरुवात तुझ्या मैदानावर कर. पावसाळी मासेमारी बंदीवरच्या इंग्रजी बातम्या शोध. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस नौका का थांबतात हे तुला कुणी समजवायला नको. त्यामुळे ‘मोरॅटोरियम’ म्हणजे ठरावीक काळाची बंदी, ‘डिप्लीट’ म्हणजे साठा खंगणं, ‘रिप्लेनिश’ म्हणजे पुन्हा भरणं, ‘जुवेनाइल’ म्हणजे अजून न वाढलेली पिल्लं, हे आपोआप कळेल. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी लागू नसते, म्हणजे त्या ‘एक्झेम्प्ट’. मग पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीचा वाद, किनारा नियमन क्षेत्राचे नियम, हापूसचं 2018 मधलं भौगोलिक मानांकन, यंदाच्या मोहोराचं काय झालं. तिथे पाय रोवले की मग हळूहळू बाहेर पड: पाणीवाटप, शेती, आरोग्य, आणि शेवटी ज्या विषयांची तुला भीती वाटते ते, म्हणजे अर्थकारण आणि तत्त्वज्ञान. परीक्षेत उतारा माशांवर येईलच असं नाही. पण सप्टेंबर किनाऱ्यालगत काढलास तर ऑक्टोबरात खोल पाण्यात जाता येईल.

आणखी एक साधन तुझ्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर आहे. संविधानाची उद्देशिका तुला मराठीत तोंडपाठ असेल. इंग्रजी प्रत शेजारी ठेव आणि ओळीला ओळ लाव. ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना’, तिकडे ‘थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप’. ‘बिलीफ’ला विश्वास आणि ‘फेथ’ला श्रद्धा का, यावर पाच मिनिटं विचार कर. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांचे मराठी अनुवादही आता त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. सगळा निकाल वाचू नकोस, थकशील. पहिले चार परिच्छेद दोन्ही भाषांत वाच. आणि रत्नागिरीकडच्या मुलांनो, तुमच्या शहरातलं नगर वाचनालय 1828 पासून उघडं आहे, तिथे बसून इंग्रजी दैनिक वाचायला काय हरकत आहे?

राहिलं वर्ष सोडायचं. आत्ता नको. क्लॅट डिसेंबरच्या सुरुवातीला, तुझ्या हातात साडेतीन महिने आहेत. तुझ्या अकरा चुकांतल्या चार तर ‘नॉट’खाली पेन्सिलनं रेघ मारायची सवय लावली तरी निघतात. शिवाय क्लॅट हा एकच दरवाजा नाही. राज्याची विधी सीईटी आहे. तिच्यात चुकीला गुण वजा होत नाहीत, आणि मुंबईच्या 1855 सालच्या शासकीय विधी महाविद्यालयासकट राज्यातली महाविद्यालयं तिच्यावर भरतात. तो अर्ज न चुकता भर. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा खर्च लाखांत जातो. मिळालं तर कर्ज आणि शिष्यवृत्तीचा विचार तेव्हा करू, पण घरी हा आकडा आजच सांगून ठेव. दोन्हीकडे मनासारखं झालं नाही तर मे-जूनमध्ये वर्षाचा विचार कर, आणि तेव्हाही केवळ शब्दांसाठी मामाकडे जाऊ नकोस. डोंबिवलीहून क्लासला लोकलनं जाण्यायेण्यात जे तास जातील, त्यात इथे दोन उतारे सोडवून होतात. क्लास वाईट असं मी म्हणत नाही. गणित आणि तर्काचे प्रश्न अडत असतील, तर कुणी समोर बसून शिकवलेलं बरं. तुझं ते अडत नाही, पेपरावरून दिसतंय.

मामेभावाला यादीबद्दल काही बोलू नकोस, वाईट वाटेल. त्याला बंधाऱ्याचा फोटो पाठव आणि विचार, हा कोणता शब्द.

आज रात्री एवढंच कर. ज्या उताऱ्यावर तुझे सगळ्यात जास्त प्रश्न चुकले तो काढ. आई मासे विकून आली, जेवणं झाली, की तिच्यासमोर बस आणि तो उतारा तिला मालवणीत सांग. वाचायचा नाही, सांगायचा. ती मध्येच ‘म्हणजे काय गो?’ असं विचारेल आणि तुझी जीभ अडेल. तिथे थांब, आणि त्या शब्दाची पहिली चिठ्ठी काप.